उघडून बघणारा नाखवा

नाखव्याच्या दारात गाडी उभी दिसली म्हणजे ती बंद पडली आहे असं कोणी समजू नये. पण बॉनेट वर, आणि शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टॉर्च, चहाचा कप आणि तेल पुसायचा जुना लेंगा असा थाट मांडलेला दिसला, की पालीतली शहाणी माणसं वाट बदलतात. कारण त्या वाटेने जाणाऱ्याला नाखवा हाक मारतो आणि काम सांगतो ते नेहमी एकच : "जरा ब्रेकवर पाय ठेवून बस. मी बोलेन तेव्हा डी टाक." एकदा बसलेला माणूस कधी उठेल ते मग त्याच्या नशिबावर. एका संध्याकाळी पाव पोचवायला आलेला पोरगा असा बसला, आणि रात्री सगळ्या आळीने पावाशिवाय कालवण खाल्लं.

भाईंदर पश्चिमेहून सुटलेली बस मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तनला येते. तिथून पुढे पाली आणि त्याच्याही पुढे चौक. चौकला जमीन संपते आणि खाडीपलीकडे वसई दिसते. या पट्ट्यात बोट नाही असं घर शोधावं लागतं. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. आमच्या नाखव्याला बाप्तिस्म्याचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते फक्त चर्चच्या वहीत आणि बँकेच्या पासबुकात सापडतं. मला तो मास्तर म्हणतो. मी कधीही कुठल्याही शाळेत शिकवलेलं नाही. घरात पुस्तकांचं कपाट दिसलं, तेवढा पुरावा त्याला पुरला.

या माणसाचा स्वभाव दोन शब्दांत मावतो : "उघडून बघू." तो त्याला समुद्राने लावला. डोलीची जाळी लावायला गेलेल्या बोटीचं इंजिन पंचवीस वाव पाण्यात बंद पडलं, तर फोन कोणाला लावणार? तिथे सर्व्हिस सेंटर नसतं, वॉरंटी नसते, आणि "साहेब जेवायला गेलेत" असं सांगणारा काउंटरही नसतो. वारा फिरायच्या आत पाना हातात घ्यायचा आणि उघडून बघायचं. चाळीसेक वर्षं नाखवा असाच घरी परत आला, तेव्हा त्या दोन शब्दांवर त्याची श्रद्धा बसली तर नवल नाही. नवल एवढंच, की ती श्रद्धा बोटीवरून उतरताना तो बोटीवर ठेवून येत नाही. लग्नाच्या हॉलमधला पंखा त्याने उघडला. तो आता एक तर थांबतो, नाही तर पाच नंबरवर फिरतो. शेजारणीचा मिक्सर उघडला. तो उत्तम चालतो, पण फक्त नाखव्याच्या घरी.

अशा माणसाच्या दारात भाच्याने कॅनडाला जाताना आपली ऑटोमॅटिक गाडी आणून उभी केली. जुनी, चार गिअरची, तेल बघायला पट्टी असलेली. पट्टी होती हे महत्त्वाचं. हल्ली बऱ्याच गाड्यांच्या गिअरबॉक्सला पट्टीच नसते. तेलाची पातळी बघायची तर गाडी लिफ्टवर घ्या, ठरलेल्या तापमानाला आणा, खालचा बूच काढा. अशी गाडी मिळाली असती तर नाखवा इतका बिघडला नसता.

गाडी खरं तर आंटीसाठी होती. आंटी म्हणजे नाखव्याची बायको. पहाटे भाईंदरच्या बाजारात मासे न्यायचे, तर टेम्पोवाल्याची मनधरणी नको म्हणून पन्नाशीनंतर ती गाडी शिकली आणि क्लच नाही म्हणून पटकन शिकली. नाखव्याचं मात्र वाकडं झालं ते डाव्या पायापाशी. आयुष्यभर क्लच दाबलेला तो पाय वळणावर आपोआप पुढे जाई. तिथे क्लचच्या जागी ब्रेकचाच रुंद पेडल पसरलेला. गाडी जागच्या जागी उभी राही आणि मागच्या सीटवरची बोंबलांची पाटी बर्फासकट पुढे येई. आंटीने शेवटी त्याचा डावा पाय सीटखाली दुमडून ठेवायला लावला. राहिला डावा हात. त्याला काही कामच उरलं नाही. आणि ज्याच्या हाताला काम नाही असा नाखवा म्हणजे आसपासच्या सगळ्या यंत्रांना धोका.

पहिल्या आठवड्यातच त्याने या गाडीचं तत्त्वज्ञान ठरवून टाकलं. "मास्तर, यात नवीन काय हाय? आमच्या बोटीचा गिअरबॉक्स बघा. पुढे, न्यूट्रल, मागे. हितं पण डी, एन, आर. नुसता नांगर जास्तीचा दिलाय." नांगर म्हणजे पी. आणि हे त्याचं अगदी बरोबर होतं. पीमध्ये दांडा गेला की गिअरबॉक्सच्या आत पोलादाचा एक दात खाच पाडलेल्या चाकात पडतो आणि चाकांकडे जाणारा दांडा अडकवून धरतो. सगळी गाडी त्या बोटभर दातावर. म्हणून नाखव्याचा नियम : "नांगर बोट थांबल्यावर टाकायचा. चालत्या बोटीतून टाकला तर दोर तरी तुटंल नायतर माणूस तरी जाईल." चढावर आधी हँडब्रेक ओढायचा आणि मग पी टाकायचा, म्हणजे गाडीचं वजन दातावर येत नाही, हे त्याने पालीतल्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगून झालं आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनाही सांगितलं आहे.

मी एकदा त्याला टॉर्क कन्व्हर्टरची जन्मकथा सांगितली आणि आयुष्यभराचं बोलणं लावून घेतलं. इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच नसतो, तेलाने भरलेला एक बंद डबा असतो. आत समोरासमोर पात्यांची दोन चाकं. इंजिन एक फिरवतं, ते तेल फेकतं, त्या तेलाच्या माऱ्याने दुसरं फिरतं. मधलं तिसरं छोटं चाक परत येणारं तेल वळवून जोर वाढवतं. ही कल्पना हर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची. १९०५ साली त्याने तिचं पेटंट घेतलं तेव्हा तो स्टेटिनच्या गोदीत नोकरीला होता आणि त्याला मोटारीशी काही देणंघेणं नव्हतं. वाफेच्या टर्बाइनचा वेग जहाजाच्या पंख्याला झेपेल असा कसा करावा, एवढाच त्याच्यापुढे प्रश्न होता.

"म्हणजे मूळ माल बोटीचाच!" नाखवा खुर्चीवरून उठला. त्याच संध्याकाळी हॉलमधला पाच नंबरवर फिरणारा तो पंखा आणि घरातला स्टँडचा पंखा त्याने ओटीवर समोरासमोर ठेवले. हॉलचा लावला, घरचा बंद ठेवला. बंद पंख्याची पाती आधी थरथरली, मग सावकाश फिरू लागली. "तार नाय, पट्टा नाय, काय नाय!" बघायला पोरंटोरं जमली. पुढल्या काही आठवड्यांत ही कथा चहाच्या टपरीवरून बंदरावर आणि बंदरावरून चौकापर्यंत गेली, आणि जाता जाता तिचा मुलूख बदलला. स्टेटिनची गोदी वसईला आली. जर्मन माणूस पोर्तुगीज झाला. १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली नसती तर ऑटोमॅटिक गाडी दोनशे वर्षं आधी पालीत आली असती, असं मला एका खलाशाने बसमध्ये समजावून सांगितलं.

बाकीच्या ऑटोमॅटिकांना नाखवा ऑटोमॅटिक मानतच नाही. २०१४मध्ये मारुतीने सेलेरियोत एएमटी आणली आणि स्वस्तातली ऑटोमॅटिक गल्लोगल्ली दिसू लागली. आत साधाच हाताचा गिअरबॉक्स आणि साधाच क्लच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम एक यंत्र करतं. "ह्याला ऑटोमॅटिक नाय बोलत," नाखव्याचा निकाल, "ह्यात खलाशी लपवून ठेवलाय. तुम्ही बसा, मी टाकतो बोलणारा. म्हणून तर बदलताना जरा मान हलते. खलाशी पण माणूसच, वेळ लागतो."

पण त्याचा खरा जीव तेलात. ऑटोमॅटिकचं तेल लाल रंगवलेलं असतं, इंजिनच्या तेलापासून वेगळं ओळखू यावं म्हणून. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने बंदी घालेपर्यंत या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत असत. आतल्या क्लचच्या चकत्या धक्का न देता एकमेकींना धराव्यात म्हणून ते लागे. हे ऐकल्यावर नाखव्याने पट्टी नाकाशी नेऊन बराच वेळ हुंगली. "तरीच," तो म्हणाला. तेलाचा डबा गेल्या वर्षीचा होता आणि व्हेलशी त्याचा काही संबंध नव्हता. पण समुद्रातून निघालेली वस्तू इतर कोणापेक्षा आपल्याला जास्त कळते, या त्याच्या समजुतीला आधार मिळाला.

तेल बघण्याचा विधी रविवारी, मासनंतर. गाडी आधी उत्तनपर्यंत फिरवून गरम करायची. मग चर्चसमोरच्या सपाट जागेत आणायची, कारण उतारावर पट्टी खोटं बोलते. इंजिन चालूच. ब्रेकवर पाय ठेवून दांडा पी, आर, एन, डी असा प्रत्येक घरातून सावकाश फिरवून परत पीला. मग पट्टी ओढायची, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा ओढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि गिअर घसरतात. जास्त असेल तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसाने कधी जोर धरलाय? पट्टीवरचा थेंब नाखवा पांढऱ्या कागदावर टिपतो. लाल आणि स्वच्छ, छान. तपकिरी, म्हातारं झालं. काळं आणि करपट वासाचं, चकत्या जळल्या. आणि सोलकढीसारखं गुलाबी-पांढरट दिसलं तर पाणी शिरलं. मग इंजिन चालूच करायचं नाही.

दर वेळचा नमुना तारखेची चिठ्ठी लावून बाटलीत भरला जातो. इथून घरातलं भांडण सुरू होतं. पालीच्या घरात रिकाम्या तपकिरी बिअरच्या बाटलीवर पहिला हक्क बाटली मसाल्याचा. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, मसाले भाजायचे, कुटायचे आणि बाटलीत ठासून भरायचे. उजेड लागू नये म्हणून तपकिरी बाटली. आंटीच्या हिशेबाच्या बाटल्या कमी पडू लागल्या. एका शुक्रवारी तिने फळीवरची बाटली घेतली, बूच काढला, आणि कालवणात घालण्याआधी सवयीने वास घेतला म्हणून ते घर वाचलं. तेव्हापासून तेलाच्या बाटल्या खाटेखाली असतात आणि नाखवा ओटीवर झोपतो.

या सगळ्या विद्येची परीक्षा एका जुलैमध्ये झाली. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. जाळी विणणं सोडलं तर नाखव्याला उद्योग नाही. बाहेर पाऊस. आणि अशा एका पहाटे आंटी सुकटीच्या गोण्या भरून गाडीत बसली, इंजिन सुरू केलं, ब्रेक दाबला आणि दांडा ओढला, तर दांडा पीमधून हलेना.

नाखव्याचा चेहरा उजळला असं आंटी शपथेवर सांगते.

आधी गावाने आपला उपाय केला. बोट ओढायची सवय असलेली पोरं दोर घेऊन आली. धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी सुरू होत नाही, कारण तिचा तेलाचा पंप इंजिनवर चालतो, आणि पंप बंद म्हणजे आत कशालाच धरायला जोर नाही, हे नाखवा ओरडून सांगत होता. शिवाय गाडी सुरूच होती, अडकली होती. पण "हैस्सा" सुरू झाल्यावर ऐकतो कोण? पुढची चाकं अडकलेली, मागची मोकळी. गाडी काही हात फरपटत गेली आणि रस्त्यावर रबराच्या दोन काळ्या रेघा उठल्या. त्या पुढच्या पावसापर्यंत होत्या.

मग नाखव्याने बोटीखाली लावायचे ओंडके आणले. जॅकवर उभ्या गाडीखाली तो शिरत नाही. या बाबतीत त्याच्याइतका शिस्तीचा माणूस मी पाहिला नाही. गाडी ओंडक्यांवर बसवली, वर ताडपत्री बांधली. आता अडचण अशी की या गिअरबॉक्सचा सर्वांत मोठा शत्रू पाणी. चकत्यांवरचं अस्तर कागदी जातीचं, डिंकाने चिकटवलेलं. पाणी लागलं की सुटलंच. आणि महिना जुलै, गाव पाली. ताडपत्रीच्या कडेने ओघळ येतात म्हणून चार खलाशी चार बाजूंना छत्र्या धरून उभे केले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणाला तरी पुरताहेत.

खालचा तेलाचा ट्रे त्याने अप्रतिम सोडवला. एका कोपऱ्याचे बोल्ट शेवटी, म्हणजे तेल एकदम अंगावर येत नाही. एक कोपरा झुकवून तेल आंटीच्या सर्वांत मोठ्या टोपात. ट्रेच्या तळाशी एक लोहचुंबक असतो, त्यावर झिजेचा मऊ करडा लगदा जमतो. नाखव्याने तो दोन बोटांत चोळून बघितला. कुठे कण टोचला नाही. टोचला असता तर आत दात तुटला. फिल्टर बदलला. पडलेलं तेल मापून तेवढंच नवीन ओतलं. सगळं तेल कधीच पडत नाही, बरंचसं त्या टॉर्क कन्व्हर्टरच्या डब्यात राहतं, हेही त्याला पक्कं ठाऊक. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत नेले. जुनं तेल कॅनमध्ये भरून भंगारवाल्यासाठी ठेवलं. पावसाळ्यात किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात ते बघणारा माणूस समुद्रात थेंब टाकू देत नाही. चार खलाशांपैकी एकाला मधल्या काळात ताप आला, त्याच्या जागी दुसरा छत्री घेऊन उभा राहिला.

गाडी खाली उतरवली. नाखवा बसला. ब्रेक दाबला, दांडा ओढला.

दांडा जागचा हलला नाही.

आंटी इतके दिवस बसने बाजार करत होती. ती मागच्या बाजूला नळावर पाट्या धूत होती. तिने हात पुसत विचारलं, "ब्रेकवर पाय हाय ना?"

"हाय ना!"

"मग मागचा लाल दिवा का नाय लागत?"

पाऊस तेवढा वाजत राहिला. एकाही खलाशाची छत्री हलली नाही.

ब्रेक दाबल्याशिवाय दांडा पीमधून सुटू नये असं कुलूप बहुतेक ऑटोमॅटिकांना असतं. ब्रेक दाबला हे त्या कुलपाला कळतं पेडलपाशी बसवलेल्या अंगठ्याएवढ्या स्विचमुळे, आणि मागचे लाल दिवेही तोच स्विच लावतो. पालीच्या खाऱ्या हवेत त्या स्विचच्या तांब्याला हिरवं चढलं होतं. गिअरबॉक्स आत बसून सगळा तमाशा बघत होता. दृष्ट काढावी इतका तो धडधाकट होता. नवीन स्विचची किंमत नाखवा आजही सांगत नाही. शिवाय दांड्याशेजारी एक बारीक टोपी असते, ती उचकटून आत किल्ली दाबली की कुलूप तात्पुरतं सुटतं आणि गाडी निदान गॅरेजपर्यंत जाते. हे गाडीच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं होतं. ते पुस्तक ओलं होऊ नये म्हणून नाखव्याने पहिल्याच दिवशी प्लास्टिकमध्ये बांधून कपाटात ठेवलं होतं.

दुसरा कोणी महिनाभर तोंड लपवून बसला असता. नाखव्याने संध्याकाळी टपरीवर जाहीर केलं, "तेल बदललं म्हणून गाडी वाचली. नायतर स्विच बदलून गेली असती आणि पुढच्या सालाला गिअरबॉक्सच बसला असता." आणि पंचाईत अशी की यात थोडं तथ्य होतं. भाच्याने किती वर्षं तेल बदललं नव्हतं कोण जाणे. टोपातलं तेल चांगलं तपकिरी होतं, आणि दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना पूर्वी जो हिसका बसायचा तो गेला. चुकीच्या दारातून शिरून योग्य खोली झाडून येणाऱ्या माणसाचं काय करायचं? त्याला चूक म्हणता येत नाही आणि बरोबर म्हटलं तर तो पुन्हा करतो.

आंटीने यातून काढलेला निष्कर्ष वेगळा आहे. तिच्या मते ऑगस्टपासून मेपर्यंत नाखवा समुद्रावर असतो तोवर गाडी एकदाही आजारी पडत नाही. जून-जुलैत ती आजारी पडते. सरकारने ही बंदी माशांना अंडी घालायला निवांतपणा मिळावा म्हणून ठेवली. तोच निवांतपणा गिअरबॉक्सला मिळू नये, हा कुठला न्याय? मच्छीमार सोसायटीने बॉनेट उघडायलाही दोन महिने बंदी घालावी असं तिने सुचवून पाहिलं. सोसायटीतल्या बायकांचा पाठिंबा होता. पुरुष म्हणाले, बघू.

शेवटी या मे महिन्यात तिने स्वतःच निर्णय घेतला. गाडी भाईंदरला बहिणीच्या बिल्डिंगमध्ये नेऊन लावली, किल्ली आपल्या बटव्यात ठेवली आणि दोन महिने बसने जायचं ठरवलं. नाखवा काही बोलला नाही. जेवला, ओटीवर जाऊन झोपला. सकाळी उठून, साळीची तब्येत बरी नाही असं ऐकतो, जरा बघून येतो, असं सांगून पहिल्या बसने गेला.

दुपारी आंटीला बहिणीचा फोन आला.

"मी बरी आहे गं. भावोजी आलेत. गाडीची किल्ली मिळाली नाही, म्हणून आमचा फ्रीज उघडून बसलेत."